ग्रेसचे मार्क आणि कृपा

(शाळेच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला आधीच दोन गोष्टी सांगून ठेवल्यात. एक, वेळ वीस मिनिटं. दोन, जेवणात तांबडा-पांढरा आहे, त्यामुळे विसाची बावीस झाली तर तुमच्याकडे कुणी बघणार नाही, सगळे मागच्या दाराकडे बघतील. तेव्हा लगेच सुरुवात करते.

विषय मी निवडलेला नाही. मराठीच्या बाईंचा फोन आला, "तू कॉम्प्युटरवर बोलू नकोस, ते आता माझी नातवंडं मला सांगतात. तुमच्या प्रार्थनेत सारखा 'कृपा' शब्द येतो. तो आमच्या कृपेपेक्षा वेगळा आहे काय, एवढं नीट समजावून सांग." बाई, तुम्ही दहावीला कल्पनाविस्तारही असाच द्यायचात. अवघड, आणि पर्याय नाही.

मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. इंजिनिअर झाले, चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, आणि रविवारी उपासनेला चौथ्या बाकावर बसते. चौथ्या बाकावरून जेवढं दिसतं तेवढंच सांगणार आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी 'ग्रेस' हा शब्द शाळेतच पहिल्यांदा ऐकला. कुणीतरी ग्रेसमध्ये पास व्हायचं. निकालाच्या दिवशी ते कुजबुजून सांगितलं जायचं, जसं काही घरात कोण आजारी आहे. आपल्या वर्गातला एक गणितात तसाच सुटला होता. नाव घेत नाही, तो दुसऱ्या रांगेत बसलाय आणि आज आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त टॅक्स भरतो. (आपल्याकडे त्याच नावाचे एक थोर कवीही होऊन गेले. माणिक गोडघाटे यांनी 'ग्रेस' हे नाव इंग्रिड बर्गमनच्या एका सिनेमावरून घेतलं. पण मार्कांच्या ग्रेसचा आणि त्या ग्रेसचा संबंध बाईंच्या पेपरातसुद्धा कुणी विचारला नसता.)

आता ग्रेसच्या मार्कांचा नियम आठवा. दोन-तीन मार्क कमी पडले तर मिळतात. वीस कमी पडले तर मिळत नाहीत. म्हणजे ग्रेस कुणाला? जो जवळजवळ पास झालाच होता त्याला. बोर्ड म्हणतं, पोरा, तू प्रयत्न केलास, जरा कमी पडलास, ये, हात देतो. यात वाईट काही नाही. पण ज्याला पस्तीसपैकी सहा पडलेत, त्याच्याकडे बोर्ड बघतही नाही.

ख्रिस्ती श्रद्धेत जिला कृपा म्हणतात ती त्या सहा मार्कवाल्यापासून सुरू होते. आणि खरी गंमत अशी की ती पंच्याण्णववाल्यालाही त्याच्याच शेजारी बसवते. पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट म्हटलंय की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळतं. ते कर्मांचं फळ नव्हे, देवाचं दान आहे, म्हणून कुणी बढाई मारायची सोय नाही. ही शेवटची अट आपल्यासारख्या स्नेहमेळाव्याला जमलेल्या लोकांना जरा जड जाते. आपण सकाळपासून काय करतोय? कोण कुठं पोचलं, कुणाचा फ्लॅट किती बीएचकेचा, कुणाचा मुलगा कुठल्या देशात. मीही सांगितलं, विचारल्यावर.

मराठीत 'कृपा' शब्द इतका वापरात आहे की तो आता दिसेनासा झालाय. मी काल स्टेशनवरून घरी येईपर्यंत मोजले. 'मातृकृपा', 'गुरुकृपा', 'अंबाबाई कृपा' अशी चार घरं, दोन रिक्षा, एक हार्डवेअरचं दुकान. कृपया रांगेत उभे राहा. वरुणराजाची कृपा. आणि चौकातल्या बोर्डवर साहेबांची कृपा, फोटोसकट. यातल्या शेवटच्या कृपेबद्दल मी नंतर बोलेन, ती वेगळी भानगड आहे.

पण बाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्या संतांनीच देऊन ठेवलंय. आपली काही लायकी नाही, तरी विठ्ठलाने जवळ केलं, हा सूर वारकऱ्यांना कुणी मिशनऱ्याने शिकवलेला नाही. नारायण वामन टिळकांना हे चांगलं माहीत होतं. ते १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावला जन्मले, १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांनी इंग्रजी चालींवर कसरत करणारी मराठी गाणी बाजूला ठेवली आणि अभंग, ओव्या लिहिल्या. आमच्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात त्यांची गीतं पानोपानी आहेत. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षं आकांत केला आणि १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती झाल्या, ते 'स्मृतिचित्रे' मला वाचायला बाईंनीच दिलं होतं. घरात बायबलशेजारी ठेवलेलं ते पुस्तक माझ्या हाती शाळेतून यावं, ही पण एक मजाच.

तर बाई, माझं उत्तर असं: संतांच्या कृपेपेक्षा आमची कृपा फार लांब नाही. बोर्डाच्या कृपेपासून आणि साहेबांच्या कृपेपासून मात्र पुष्कळ लांब आहे.

येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे, मत्तयाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात. एका द्राक्षमळ्याचा मालक पहाटे नाक्यावर जातो आणि दिवसाची मजुरी ठरवून माणसं आणतो. नऊला पुन्हा जातो, आणखी माणसं आणतो. बाराला जातो, तीनला जातो. संध्याकाळी पाचला जातो तर अजून काही जण उभेच. तो विचारतो, दिवसभर इथं रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. तो त्यांनाही घेऊन जातो. सहाला काम संपतं, आणि मालक मजुरी वाटायला लागतो ती शेवटून. पाचला आलेल्यांच्या हातावर अख्ख्या दिवसाची मजुरी. पहाटेपासून राबलेल्यांना वाटतं, आता आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही तेवढीच. ते चिडतात. मालक म्हणतो, ठरलं तेवढं दिलं ना? मग मी उदार आहे याचा तुला का त्रास?

ही गोष्ट मी माझ्या टीममधल्या पोरांना एकदा जेवताना सांगितली. एकाही माणसाला पटली नाही. एक म्हणाला, मॅडम, असा मालक असेल तर उद्या सगळे पाचलाच येतील. बरोबर आहे त्याचं. आमच्या धंद्यात वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला नंबर मिळतो. एक ते पाच. आणि सगळ्यांना चांगला नंबर देता येत नाही, कारण वरून आलेला आलेख घंटेच्या आकाराचा असावा लागतो. कुणीतरी खाली असल्याशिवाय कुणी वर जाऊ शकत नाही. मी स्वतः असे नंबर वाटलेत, आणि कंपनी चालवायची तर काहीतरी हिशेब लागणार हेही मला मान्य आहे. द्राक्षमळ्याची गोष्ट ही पगाराची पद्धत म्हणून सांगितलेलीच नाही.

मलाही ती बरीच वर्षं नुसती ऐकायला गोड वाटायची. दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. व्हिडिओ कॉलवर अकरा मिनिटं, आणि दुपारपर्यंत लॅपटॉपचा पासवर्ड बंद. चव्वेचाळिसाव्या वर्षी. सात महिने मी नाक्यावर उभी होते. रोज सकाळी नऊला टेबलाशी बसायची, अर्ज भरायची, आणि संध्याकाळी पाच वाजले की छातीत काहीतरी खाली बसायचं. तेव्हा त्या गोष्टीतलं एक वाक्य नव्याने कानात शिरलं: आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. पाचपर्यंत नाक्यावर कोण उरतं? आळशी नव्हे. आळशी सकाळी आलाच नसता. उरतात ते म्हातारे, लंगडे, ज्यांच्याकडे बघून प्रत्येक मुकादम म्हणतो, हा नको. ते दहा तास उभे राहतात, कारण घरी रिकाम्या हाताने जायचं धाडस नाही. आणि अख्ख्या दिवसाची मजुरी का, तर पोरंबाळं एका तासाच्या मजुरीत एका तासापुरतीच जेवत नाहीत. पोटाला दिवसाचंच लागतं.

पहाटे आलेल्यांच्या जागी बसून ही गोष्ट ऐकली की अन्याय वाटतो. पाचवाल्यांच्या जागी बसून ऐकली की रडू येतं. कुठं बसायचं हे आपल्याला फार वेळा निवडता येत नाही.

आता जरा अवघड गोष्ट. गेल्या वर्षी आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला होता. तांदळाच्या पोत्यासाठी धर्म बदलणाऱ्या लोकांबद्दल. कुणी पाठवला ते मला आठवतही नाही, आणि पाठवणाऱ्याने मी ग्रुपवर आहे हे लक्षात ठेवून पाठवला नव्हता हे मला पक्कं माहीत आहे. माफी मागावी म्हणून हे सांगत नाही. पण कृपेवर बोलायचं आणि हे टाळायचं, तर मग मी कॉम्प्युटरवरच बोलले असते.

माझ्या आजीची आई दुष्काळातली मुलगी. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या. त्यात ती एक. वय सहाच्या आसपास. गावाचं नाव तिला सांगता येत नव्हतं, एक मोठी नदी आठवत होती. पुण्याच्या पुढे केडगावला रमाबाईंनी शेतजमीन घेतली होती. तिथं 'मुक्ती' उभं राहिलं, आणि १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या बायामुलींची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विचार करा, दोन हजार ताटं, दोन वेळा, आणि पावसाचा पत्ता नाही.

मुक्तीत निरनिराळी सदनं होती. शारदा सदन तर आधीपासूनचं, १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेलं आणि पुण्यावरून इकडे आलेलं. पुण्यात असताना, १८९३ मध्ये, रमाबाई मुलींना बाटवतात म्हणून केवढं वादळ उठलं होतं आणि किती पालकांनी मुली काढून नेल्या, ते इतिहासात आहेच. मुक्तीतल्या एका सदनाचं नाव होतं कृपासदन. ज्या बायकांना समाजाने पतित म्हणून बाहेर टाकलं होतं, ज्यांच्या नावावर कुणी ग्रेसचा एक मार्कही दिला नसता, त्यांच्यासाठीचं घर. रमाबाई संस्कृतच्या पंडिता. त्या घराला त्यांना 'सुधारगृह' म्हणता आलं असतं. कृपासदन म्हणाल्या. माझ्या मते त्यांचं सगळं धर्मशास्त्र त्या पाटीवर आहे. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की बाप्तिस्मा १८८३ मध्ये झाला, पण आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता, आणि तो कळायला पुढची आठ वर्षं गेली. एवढ्या हुशार बाईला सगळ्यात अवघड काय गेलं, तर हेच, की कमवायचं काही नाही, नुसतं घ्यायचंय.

पणजी काही वर्षं मुक्तीच्या छापखान्यात होती. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक मुळावरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या, आणि खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं तिथल्या बायका करायच्या. पणजी खिळे जुळवायची. आरशातली अक्षरं उलटी वाचायची सवय तिला मरेपर्यंत होती, असं आजी सांगायची. माझा धंदाही एक अक्षर चुकलं तर सगळं बसतं असाच, त्यामुळे तिचं मला फार जवळचं वाटतं.

तर, ती भाकरीसाठी बाटली का? आमच्या घरातला हिशेब असा आहे: पहिलं जेवण पहिल्या दिवशी मिळालं, बाप्तिस्मा चार वर्षांनी. सहा वर्षांच्या पोरीला निवड होती का, असं कुणी विचारलं तर नव्हती. तिला उपाशी मरायचीही निवड नव्हती, ती तिच्यासाठी दुष्काळाने करून ठेवली होती. मिशनचं सगळं निर्मळ होतं असंही मी म्हणणार नाही. बाहेरदेशी पाठवायच्या वार्षिक अहवालांत बाप्तिस्म्यांचे आकडे असायचे, आणि जिथं आकडा आला तिथं कृपा जरा बाजूला सरकते, हे मला ऑफिसातल्या अनुभवावरून कळतं. पण भाकरी आधी आली, मोबदला न विचारता आली, याची मला लाज वाटत नाही. उलट आमच्या श्रद्धेचा अर्थ मला कुणी एका वाक्यात विचारला तर मी तेच सांगेन. भाकरी आधी आली.

आपल्या कोल्हापूरचंही थोडं सांगायला हवं, नाहीतर म्हणाल केडगावचंच कौतुक. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये इथं आले. वाइल्डर मेमोरियल चर्च आपण सगळ्यांनी बाहेरून तरी पाहिलंय. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. मुलीचं नाव ग्रेस. म्हणजे मराठीत कृपाच. ती अमेरिकेत शिकली आणि आईबरोबर पुन्हा कोल्हापूरला कामाला आली. पुढे १८९४ मध्ये विल्यम वानलेस यांनी मिरजेला दवाखाना काढला, आणि 'मिरजेला न्या' हे दोन शब्द आपल्या सगळ्यांच्या आजी-आजोबांच्या तोंडात बसले. त्या दवाखान्यात कोण कुठल्या जातीचा हे विचारून टाके घातले जात नसत.

आणि शाहू महाराज. १९१५ मध्ये कोल्हापुरात इंडियन ख्रिश्चन होस्टेल निघालं, ते महाराजांच्या त्या सगळ्या बोर्डिंगांच्या मालिकेतलं. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्यांचं, आणि आमचंही. इथं मला एक भेद करायचाय, तो माझ्यासाठी महत्त्वाचा आहे. १९०२ मध्ये महाराजांनी मागासांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या, ती कृपा नव्हती. तो न्याय होता, थकलेलं देणं होतं. हक्काची गोष्ट कुणी कृपा म्हणून वाटायला लागला की समजावं, साहेबांचा बोर्ड लागणार. नळाला पाणी, रस्त्याला डांबर, पोराला शिक्षण, हे कुणाच्या कृपेने येत नाही. आमच्या चर्चमधल्या पुढाऱ्यांनाही मी हे सांगते, कारण कमिटीची निवडणूक, जागेचे दावे आणि कुणाच्या पूर्वजांची जात कुठली होती याची कुजबुज आमच्यातही आहे. कृपेवर प्रवचन ऐकून लोक बाहेर येतात आणि पार्किंगमध्ये भांडतात. माझ्या डोळ्यांदेखत.

कृपा म्हणजे ज्यावर हक्क नव्हता ते मिळणं. आणि माझा अनुभव असा की देणं त्या मानाने सोपं आहे, घेताना माणसाचं कंबरडं मोडतं.

२०१९ चा ऑगस्ट तुम्ही कुणी विसरला नसाल. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पडतो, असं येशू डोंगरावरच्या प्रवचनात म्हणाला. कोल्हापूरकराला हे वेगळं सांगावं लागत नाही. माझे आईवडील शाहूपुरीच्या सखल भागात राहायचे. मी पुण्यात, शिरोलीजवळ हायवे बंद, फोन लागेना. तालमीच्या पोरांनी त्यांना पहिल्या मजल्यावरून बोटीत उतरवलं. ती पोरं कोण हे आजतागायत कळलेलं नाही. आणि पुढचे आठ दिवस ते दोघं राहिले राजारामपुरीत एका लिंगायत कुटुंबाकडे. ओळख काय? तर पप्पा आणि त्या घरचे काका एकाच टपरीवर चहा प्यायचे. आडनावसुद्धा पप्पांना बोटीतून उतरल्यावर कळलं.

पप्पा एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी त्या आठ दिवसांत एक वही केली. दोन माणसं, दोन वेळचं जेवण, चहा, दूध, आईच्या बीपीच्या गोळ्या, एक ब्लँकेट. सगळं तारीखवार. पाणी ओसरलं, घरातला चिखल निघाला, आणि महिनाभराने पप्पा पाकीट घेऊन राजारामपुरीला गेले. आकडा वहीतला, वर शंभर रुपये. काकूंनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "काका, आमच्या दारावर खानावळीचा बोर्ड बघितलासा काय तुम्ही?"

पप्पा परत आले ते तीन दिवस घुमे. त्यांना अपमान वाटला होता. फोनवर मला म्हणाले, आपण कुणाचं उधार ठेवत नाही, तुला माहीत आहे. शेवटी आईने त्यांना सुनावलं. म्हणाली, "रविवारी देवाकडून फुकट घेता, गाणी म्हणून घेता, ते चालतं. सोमवारी माणसाकडून घ्यायला काय होतंय?"

माझ्या आईने ख्रिस्ती धर्मशास्त्रावर केलेलं हे एकमेव विधान. मी पाळकांकडून यापेक्षा चांगलं अजून ऐकलेलं नाही.

वही पप्पांनी फाडली नाही, ती कपाटात आहे. पण त्या डिसेंबरात नाताळच्या करंज्या, शंकरपाळ्या राजारामपुरीला गेल्या आणि त्यासोबत पाकीट गेलं नाही. दिवाळीला त्यांचा फराळ आधीच येऊन गेला होता. त्या फराळाची परतफेड म्हणून करंज्या पाठवायच्या असा विचार पप्पांच्या मनात आला असणार, पण ते बोलले नाहीत.

आमच्याकडे वर्षातून एकदा हंगामाचा सण असतो. शेतातलं, परसातलं पहिलं पीक देवाला आणायचं. आता शेती कितीजणांची राहिली? त्यामुळे लाल भोपळा, शेंगा, गूळ, केळ्यांचा घड, घरची लोणची, अंडी, क्वचित एखादं कोकरू, जे असेल ते वेदीसमोर येतं. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो, आणि त्या लिलावाला बाजाराचं कुठलंही गणित लागू नाही. एका म्हातारीने आणलेली चार अंडी पाचशेला जातात. घेणारा ती परत वेदीवर ठेवतो, आणि पुन्हा तीनशेला जातात. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो ओरडून बोली वाढवतो आणि ऐनवेळी गप्प बसतो. तेही सगळ्यांना माहीत असतं. मी पहिल्यांदा माझ्या नवऱ्याला घेऊन गेले तेव्हा त्याने विचारलं होतं, इथं वस्तूची किंमत ठरवतं कोण? कुणीच नाही. म्हणून तर तो आमचा सगळ्यात आवडता दिवस आहे. त्यानंतर प्रीतिभोजन, एकाच पंगतीत, आणि सकाळी पार्किंगमध्ये भांडलेले लोक एकमेकांना वाढतात. दरवेळी नाही. पण पुष्कळदा.

दोन वर्षांपूर्वी, माझी नोकरी नव्हती त्या काळात, आईने राजारामपुरीच्या काकूंना या सणाला बोलावलं. काकू आल्या, शेवटपर्यंत बसल्या, टिळकांच्या एका भजनाला टाळ्याही धरल्या. लिलाव सुरू झाला आणि त्यांना काय स्फुरण चढलं कळेना. पहिलीच बोली त्यांनी लावली एका गावरान कोंबडीवर. आईने त्यांचा हात खाली ओढला, तोवर आकडा सातशेवर गेला होता आणि हातोडी पडली होती. टाळ्यांचा कडकडाट. पक्क्या शाकाहारी घरातल्या काकू, पदराखाली फडफडणारी कोंबडी, आणि रिक्षावाला घ्यायला तयार नाही.

ती कोंबडी अजून आहे. राजारामपुरीत काकूंच्या मागच्या परसात असते, चांगली गलेलठ्ठ झालीये. त्यांच्या घरात अंडी खात नाहीत, म्हणून दर शनिवारी काका चहाच्या टपरीवर येताना पिशवीतून ती घेऊन येतात. पप्पा घेतात. पैशाचं विचारत नाहीत.